फ्लूची साथ आणि शेजारशेजारची दोन बेटं

"नुसतं वेगळं ठेवून साथ थांबते का डॉक्टर?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारता. त्यांच्यासाठी सामोआची ही हकीकत.

७ नोव्हेंबर १९१८. ऑकलंडहून आलेलं 'तालून' जहाज पश्चिम सामोआच्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर फ्लूचे रुग्ण होते, तरी उतारूंना उतरू दिलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसं दगावली, म्हणजे पाचांत एकाहून जास्त! घरंच्या घरं एकदम आजारी पडली. तापलेल्या माणसाला घोटभर पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नव्हतं.

शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणारी जहाजं रोखली. गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पहारे दिले. तिथे या साथीत एकही बळी गेला नाही. लक्षात घ्या, तेव्हा फ्लूची लस नव्हती. माणसातला फ्लूचा विषाणू सापडायला १९३३ साल उजाडलं.

पॉयर यांनी पश्चिमेला मदतही देऊ केली होती. तिथला न्यूझीलंडचा प्रशासक लोगन याने ती घेतली नाही. वाचताना आजही चीड येते. न्यूझीलंडने सामोआची माफी मागितली ती थेट २००२ साली.