एका गुणगुणीचा इतिहास



राज्यांचा इतिहास आपण या व्यासपीठावरून पुष्कळ ऐकला आहे. आज आम्ही आपल्यापुढे एका नकोशा आवाजाचा इतिहास मांडणार आहोत. विजेच्या गिटारचा ॲम्प्लिफायर सुरू केला की वादकाने तार छेडण्यापूर्वीच एक खर्जातील घूंऽऽ असा नाद ऐकू येतो. वादक थांबला तरी तो थांबत नाही. हा नाद कोठून येतो, तो घालवण्यासाठी कोणी काय केले आणि त्यापायी कोणती किंमत पडली, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु त्यात फॅरेडेपासून आपल्या घरातील तीन खिळ्यांच्या प्लगपर्यंत सगळे काही येते.

प्रथम या नादाची जात ओळखू. आपल्या घरात येणारा विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा मागेपुढे हेलकावतो. अमेरिकेत 60 वेळा. हे हेलकावे ध्वनिरूप झाले म्हणजे हाच घुमारा होतो. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर 50 आवर्तनांचा स्वर हा पांढरी पाचच्या अगदी जवळचा, मात्र फार खालच्या सप्तकातला. त्याची दुप्पट, म्हणजे 100 आवर्तनांचा स्वरही त्यात मिसळलेला असतो. तंबोऱ्याचा षड्ज गवयाने निवडलेला असतो. हा षड्ज वीज कंपनीने निवडलेला आहे, आणि गाणे कोणत्याही पट्टीत असो, तो आपली पट्टी सोडत नाही.

गिटारमध्ये तो शिरतो कसा? 1920 नंतरच्या काळात अमेरिकेतील नृत्यवृंदांत ढोल आणि पितळी वाद्ये यांच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नसे. लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम हा हवाईयन गिटार वाजवणारा कलावंत या अडचणीने गांजला होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी 1931 साली लाकडाचे एक नमुना-वाद्य तयार केले. ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या साह्याने ते 1932 पासून ॲल्युमिनियममध्ये ओतून विकले जाऊ लागले. गोल पोट आणि लांब दांडा यांमुळे लोकांनी त्याला ‘तळणीचा तवा’ असे नाव दिले. बीचमला 1937 साली त्याचे पेटंट मिळाले. युक्ती सोपी होती. चुंबकाजवळ बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवायचे आणि वर पोलादी तार ताणायची. तार थरथरली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज उमटते. हा फॅरेडेचा 1831 सालचा शोध. या चुंबक-वेटोळ्याच्या जोडीलाच पिकअप म्हणतात.

परंतु वेटोळे आंधळे असते. क्षेत्र तारेमुळे बदलले की शेजारच्या ट्रान्स्फॉर्मरमुळे, हे त्याला कळत नाही. केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे, गिब्सन कंपनीच्या 1946 सालच्या प्रसिद्ध पी-90 मध्ये तर सुमारे दहा हजार वेढे, हे संगीताला जितके संवेदनशील तितकेच मुख्य वाहिनीच्या घुमाऱ्यालाही. म्हणजे विजेच्या गिटारीला आवाज आणि हा दोष दोन्ही एकाच क्षणी मिळाले.

यावरचा इलाज मात्र गिटारीहून जुना आहे. 1880 नंतरच्या दशकात टेलिफोनच्या एकेरी तारांना, ज्यांचा परतीचा मार्ग जमिनीतून असे, विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव होऊ लागला. ग्रॅहम बेलने 1881 सालीच एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांचे पेटंट घेतले होते. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच पोचतो. मग दोहोंतील केवळ फरक ऐकला तर उपद्रव वजा होतो, आणि माणसाचे बोलणे शिल्लक राहते. शत्रूला अडवता येत नसेल तर त्याला दोन्ही दारांनी सारखाच आत घ्यावा आणि आपसात झुंजवावा, असे हे तत्त्व आहे. पुढे बॉल्डविन या पियानो कंपनीतील नॉब्लॉ याने 1935 साली पियानोसाठी याच तत्त्वाच्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपचा अर्ज केला. त्याला 1938 साली पेटंट मिळाले.

गिटारीत हे तत्त्व खऱ्या अर्थाने रुजवले ते सेथ लव्हर याने. मिशिगन राज्यातील कॅलमझू गावचा, 1910 साली जन्मलेला, रेडिओ दुरुस्तीच्या आणि नौदलाच्या कामात मुरलेला हा मनुष्य गिब्सन कंपनीत काम करीत होता. त्याने एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली. एकाखाली चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याखाली दक्षिण ध्रुव वर. मग दोन्ही वेटोळी विरुद्ध दिशेने जोडली. आता काय होते ते पाहा. बाहेरचा घुमारा दोन्ही वेटोळ्यांत सारखाच उमटतो. जोडणी उलटी असल्याने एक दुसऱ्याला खाऊन टाकतो. तारेचा नाद मात्र चुंबक उलटे असल्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात आधीच उलटा उमटलेला असतो. जोडणीने तो पुन्हा उलटतो. उलट्याचे उलट ते सुलट! म्हणून संगीताची बेरीज होते आणि घुमाऱ्याची वजाबाकी. व्याकरणातील दोन नकारांचा होकार तारेत बांधल्यासारखे हे आहे.

लव्हरने 22 जून 1955 रोजी अर्ज केला. पेटंट 28 जुलै 1959 रोजी मिळाले. त्याच्या आधी चारच आठवडे, 30 जून रोजी, रे बट्स यालाही अशाच पिकअपचे पेटंट मिळाले होते. इलिनॉय राज्यातील कैरो या गावी वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने आपला पिकअप चेट ॲटकिन्स या नामांकित वादकासाठी घडवला, आणि ग्रेच कंपनीने तो आपल्या गिटारींत बसवला. एकच अडचण दोन गावी दोघांना टोचत होती, तेव्हा उत्तरही दोघांना सुचले. गिब्सनने 1957 पासून आपल्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली. पुढे चिठ्ठीवर क्रमांक छापला तो लव्हरच्या पेटंटचा नव्हेच. तो लेस पॉलच्या तारा अडकवण्याच्या पट्टीचा होता! आज त्या पहिल्या चिठ्ठीचे पिकअप संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

पण शांतता फुकट मिळत नाही. दोन वेटोळी तारेच्या दोन जागा ऐकतात. त्यामुळे अतितार स्वरांश आपसात काही अंशी कटतात, आणि आवाज भरदार परंतु किंचित झाकोळलेला होतो. म्हणूनच 1954 सालची फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, तीन एकेरी वेटोळ्यांची, घुमाऱ्यासकट टिकून राहिली. तिची चकाकी ज्यांना हवी होती त्यांनी घुमारा पत्करला. फेंडरनेच 1957 साली आपल्या प्रिसिजन बेसमध्ये सुरेख तोड काढली. पिकअपचे दोन तुकडे केले आणि दोन तारा एकाकडे, दोन दुसऱ्याकडे दिल्या. प्रत्येक तार एकाच वेटोळ्याने ऐकली जाते, घुमारा मात्र दोघांत मिळून कटतो.

आता निदानाकडे येऊ; कारण सगळा घुमारा एका जातीचा नसतो, आणि चुकीच्या जातीवर योग्य औषध वाया जाते. गिटारीची दोरी काढूनही ॲम्प्लिफायर घुमत असेल तर दोष त्याच्या पोटात. वादक जागच्या जागी वळला की घुमारा कमीजास्त होत असेल तर तो चुंबकीय. त्यावर दुहेरी वेटोळे, किंवा ट्रान्स्फॉर्मरपासून दूर सरकणे. तारांना हात लावताच आवाज उतरत असेल तर जमिनीची जोड शाबूत आहे, पण आवरण अपुरे आहे. पोकळीत तांब्याचा पत्रा लावून त्याला डाख द्यावा. लव्हरने जर्मन सिल्व्हरचे झाकण बसवले ते याचसाठी. तारांना हात लावून काहीच होत नाही, पण दोरीच्या धातूच्या टोकाला लावताच आवाज उतरतो, तर तारांकडे जाणारी जोड तुटली आहे. आणि दोन यंत्रे एकमेकांना जोडल्यावरच घुमारा येत असेल, तर जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटांचे कडे तयार झाले आहे.

या शेवटच्या जातीवर एक जालीम उपाय प्रचलित झाला, आणि तेथेच हा इतिहास गंभीर होतो. प्लगचा जमिनीचा खिळा काढून टाकला की घुमारा जातो; वादक खूश होतो. परंतु त्या खिळ्याचे काम नाद नव्हे, जीव सांभाळण्याचे आहे. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक रंगमंचावर असताना, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. गिटारीच्या तारा जमिनीशी जोडलेल्या असतात; हातात तारा आणि ओठांपाशी जिवंत धातू असा योग आला म्हणजे मधला मनुष्यच तार होतो. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि लग्नाच्या वाद्यवृंदांत तिसरा खिळा मोडलेले प्लग काही कमी नसतात. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो: सर्व यंत्रे एकाच फलकावरून चालवा, कडे तोडायचे तर नादाच्या वाटेवर ट्रान्स्फॉर्मर घालून तोडा, जमिनीच्या वाटेला हात लावू नका.

लव्हर 1967 साली फेंडरकडे गेला आणि 1997 साली वारला. त्याने घुमारा गिळला, पण त्यासाठी कोणाचे रक्षण काढून घेतले नाही; दुसरे वेटोळे वाढवले, आहे ते कापले नाही. खिळा कापून मिळवलेली शांतता आणि वेटोळे वाढवून मिळवलेली शांतता कानाला सारखीच वाटते. दोहोंतील फरक मांडव उभारणाऱ्यांनी जाणावा, एवढीच आमची विनंती आहे.