बोर्डावरची एक खुर्ची

परवा नात सांगत होती, त्यांच्या कंपनीच्या संचालक मंडळावर एकच बाई आहे, तीही कायद्यासाठी घेतलेली. मी म्हटलं, एक तरी आहे ना! आमच्या वेळी तेवढीही नव्हती.

खरं सांगते, मी स्वतः अशा राखीव जागांच्या विरोधात होते. लायकी असेल तर बाई आपोआप वर जाईल, असं वर्गात मुलींनाही सांगायचे. आमच्या संस्थेत निम्म्याहून जास्त शिक्षिका होत्या, पण कार्यकारी मंडळावर एकही बाई नाही. एकदा धीर करून विचारलं, तर उत्तर मिळालं, "बाई, मीटिंग रात्री असते, तुमची अडचण होईल." मी गप्प बसले. त्याची चुटपुट अजून आहे.

नॉर्वेची हकिगत वाचली आणि मत बदललं. २००२ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या बोर्डांवर बायका होत्या सुमारे ६ टक्के. त्या वर्षी उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएलसन यांनी जाहीर केलं, की ४० टक्के झाल्या पाहिजेत. गंमत म्हणजे हे गृहस्थ उजव्या, उद्योगपतींच्या बाजूच्या पक्षाचे! २००३ मध्ये कायदा झाला. कंपन्यांना आधी सांगितलं, आपणहून करा. २००५ पर्यंत ते जमलं नाही, तेव्हा २००६ पासून सक्ती आली, आणि मुदत दिली २००८ च्या सुरुवातीची. न पाळल्यास शिक्षा काय? दंड नव्हे, कंपनीच विसर्जित! एकही कंपनी बुडाली नाही, आकडा गाठला गेला. काही कंपन्यांनी मात्र आपलं कायदेशीर स्वरूपच बदलून पळवाट काढली.

"लायक बायका आणायच्या कुठून?" हा तिथलाही पहिला प्रश्न होता. पुढे मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. कायद्यानंतर आलेल्या संचालिका आधीच्या संचालिकांपेक्षा जास्त शिकलेल्या निघाल्या. पण त्याच अभ्यासात हेही आलं, की खालच्या पायरीवर नोकरी करणाऱ्या बायकांच्या पदरात त्यातून फारसं काही पडलं नाही. हेही सांगायलाच हवं.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने प्रत्येक सूचीबद्ध कंपनीत किमान एक संचालिका सक्तीची केली. सेबीने मुदत वाढवत १ एप्रिल २०१५ पर्यंत नेली. शेवटच्या दिवसांत काय धावपळ झाली म्हणता! अनेक मालकांनी बायको, बहीण, सून, जी घरात होती ती बसवली. मला लगेच आपल्या ग्रामपंचायती आठवल्या. १९९३ पासून राखीव जागा आल्या, आणि सुरुवातीला बाई सरपंच अन् कारभार नवऱ्याचा, हे आपण गावोगावी पाहिलंच. तिथे पुष्कळजणी नंतर स्वतः बोलायला लागल्या, कारण जागा एक नव्हती, एक तृतीयांश होती. महाराष्ट्रात तर २०११ मध्ये निम्मी झाली.

बोर्डावर मात्र ती एकटीच. सेबीने निदान घरातली बाई चालणार नाही असं केलं. पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० ना २०२० पासून स्वतंत्र संचालिका घ्यावी लागते. पण संख्या तीच, एक.

नातीला विचारलं, तुमच्या त्या बाई मीटिंगमध्ये बोलतात का गं? म्हणाली, "कुणास ठाऊक, आजी. मीटिंग आमच्या वरच्या मजल्यावर असते."