सोडणापासून कोकोपीटपर्यंत

कोकोपीटची वीट आज ‘निर्जंतुक’ हा गुण सांगून विकली जाते. इतिहास मात्र सांगतो की हा माल जंतूंच्याच जिवावर उभा राहिला. 1859 मध्ये जेम्स डॅरा या उद्योजकाने केरळातल्या आलेप्पीत काथ्याचा कारखाना काढला. खाडीच्या पाण्यात नारळाची सोडणे कुजवणे हा तिथल्या धंद्याचा पाया होता. सहा ते दहा महिने सोडणे बुडवून ठेवत. पेक्टिन खाणारे जीवाणू धागे सैल करत, मग बायका दांडक्यांनी ती झोडपून काथ्या वेगळा काढत. पाणी काळे पडे आणि दुर्गंधी सुटे, ही किंमत गावाने मोजली.

काथ्या विकला जाई, सोडणातला भुसा उरे; कोकोपीट म्हणजे हाच भुसा. आणि तो एक किलो धाग्यामागे सुमारे दोन किलो. इंग्लंडमधल्या बागायतदारांनी 1860 च्या दशकात तो कुंड्यांत वापरून पाहिला, पुढे तो मागे पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस कुंड्यांसाठी उपसल्या जाणाऱ्या पीटच्या दलदली वाचवण्याची निकड भासली तेव्हा त्याची पुन्हा आठवण झाली. केरळ-तमिळनाडूत दरम्यान ढीग साचतच होते, कारण लिग्निनमुळे भुसा सहज कुजत नाही. त्यात नत्राच्या मानाने कार्बन शंभरपटीहून जास्त. असा भुसा कुजू लागला की सूक्ष्मजीव पिकाच्या तोंडचा नत्र ओढून घेतात. संशोधकांनी यावर धिंगरी अळिंबीचा उपाय काढला. एक टन भुशाच्या थरांत पाच किलो युरिया आणि धिंगरीचे बियाणे घालून ओलावा राखला की महिनाभरात कार्बन-नत्राचे प्रमाण 112 वरून 24 वर येते आणि भुसा काळा पडतो. लिग्निन फोडू शकणारा जीव मिळाला, म्हणून कचऱ्याचे खत झाले.

‘पाण्यातून खत देतो, रोगजंतू नकोत, मग सूक्ष्मजीव कशाला?’ हा कोकोपीटवर पीक घेणाऱ्या पॉलिहाऊसवाल्यांचा आक्षेप पोकळ नाही. खत थेट मिळत असेल तर नत्र मिळवून देणाऱ्या जीवाणूंची गरज खरोखरच कमी होते. पण मुळे साखर पाझरतात, त्यामुळे रिकामे माध्यम फार काळ रिकामे राहत नाही. प्रतिस्पर्धी नसतील तिथे पाण्यातून आलेल्या, मुळे कुजवणाऱ्या पिथियमला रान मोकळे मिळते. तेव्हा ओलावा बेताचा ठेवा, हवा खेळू द्या, चांगले कुजलेले कंपोस्ट थोडे मिसळा, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी रोप लावतानाच घाला. रोग दिसल्यावर घातलेल्या ट्रायकोडर्माचा उपयोग फार कमी होतो.