मर्म, सूची आणि विद्युत् : एका वेदनाशामक पद्धतीचा शब्देतिहास

पुण्याच्या दक्षिणेस कात्रज-धनकवडी परिसरात भारती विद्यापीठाच्या आवारात आधुनिक वैद्यकाचे आणि आयुर्वेदाचे अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. अशा शेजारात दोन शास्त्रांच्या परिभाषा एकमेकींवर बसवून पाहण्याचा मोह स्वाभाविक होय. चिनी वैद्यकात सुया टोचण्याचे जे बिंदू सांगितले आहेत, तीच सुश्रुताची मर्मे, हे समीकरण त्या मोहातूनच निपजले आहे. भाजलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना शमविण्यासाठी या बिंदूंवर सौम्य विद्युत्प्रवाह देण्याच्या पद्धतीलाही त्यायोगे प्राचीन भारतीय वंशावळ चिकटण्याचा संभव आहे. शब्दांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली ती शल्यकर्म करणाऱ्याने टाळावयाची स्थाने म्हणून. हा शब्द परंपरेने ‘मृ’ या धातूशी जोडला जातो. मराठीतील ‘वर्मी घाव’ या प्रयोगातही तोच अर्थ टिकून आहे. चिनी बिंदू हा वेधण्यासाठी असतो, मर्म हे वाचविण्यासाठी. तेव्हा दोहोंचे ऐक्य मानणे हा केवळ शब्ददोष नव्हे. उपचारात तो घातकही ठरेल. साम्य शोधावयाचेच तर ते अन्यत्र आहे. चिनी ‘चन-च्यू’ या जोडशब्दात ‘चन’ म्हणजे सुई आणि ‘च्यू’ म्हणजे वनस्पती जाळून दिलेला डाग. हा दुसरा अर्धा भाग सुश्रुताच्या अग्निकर्माच्या जवळचा आहे. ज्या अध्यायात अग्निकर्म आले आहे, त्यातच प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे दाहाचे चार प्रकारही सांगितले आहेत.

डच वैद्य विलेम टेन ऱ्हायने याने १६८३ साली लॅटिनमध्ये ‘अॅक्युपंक्चर’चे मूळ रूप रूढ केले, तेव्हा त्या नावातून अग्नी गळाला आणि सुई तेवढी उरली. पुढे १८२५ मध्ये फ्रान्समध्ये सार्लांदियेर याने सुईस विजेची जोड दिली. चीनमध्ये १९५८ साली शांघायच्या रुग्णालयात टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत सुयांचा वेदनाहरणासाठी उपयोग झाला आणि नंतर हाताने सुई फिरविण्याचे काम विद्युत्-यंत्राकडे गेले.

भारतात ही विद्या आली तीही याच आधुनिक काळात. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर हे दोघे महाराष्ट्रातील होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये या पद्धतीचे शिक्षण घेऊन १९५९ मध्ये ती कलकत्त्यास आणली.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत तिचे प्रयोजन स्पष्ट आहे. मूळ जखम, मलमपट्टी बदलणे आणि त्वचारोपणासाठी जेथून कातडीचा पापुद्रा घेतला ती जागा, अशा तिन्हींची वेदना त्यास सोसावी लागते. अफूवर्गीय औषधे परिणामकारक खरी. तथापि मळमळ, बद्धकोष्ठ आणि श्वसनमांद्य हे त्यांचे दोष होत. विद्युत्-उद्दीपनात शाबूत त्वचेवरील बिंदूंवर, उदाहरणार्थ अंगठा व तर्जनी यांमधील जागी, चिकटपट्टीसारखे विद्युदग्र लावतात. सुई टोचावी लागत नाही. बीजिंगच्या हान चीशंग यांच्या संशोधनानुसार सेकंदास २ स्पंदनांनी एन्केफॅलिन, तर १०० स्पंदनांनी डायनॉर्फिन ही शरीरातीलच वेदनाशामक द्रव्ये मुख्यतः स्रवतात. १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्तीनेही अशा उद्दीपनाचा विचार सुलभ केला.

तरीही ही पद्धती पूरकच होय. भूल अथवा औषधे यांची जागा ती घेऊ शकत नाही. ठरावीक बिंदूच आवश्यक आहेत की त्वचेवर अन्यत्र दिलेला प्रवाहही तेवढाच उपयोगी पडेल, हा प्रश्नही वादाचा आहे. त्याचा निर्णय रुग्णांच्या काळजीपूर्वक तुलनेनेच लागेल; प्राचीनतेच्या दाखल्याने लागणार नाही.

अग्नी, सुई, वीज आणि शेवटी सुईविना वीज, असा हा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर कृती पुढे गेली आणि नाव मागे राहिले. म्हणून मराठी परिभाषेत ‘मर्मचिकित्सा’ वा ‘सूचीवेधन’ यांऐवजी ‘बिंदूंवरील विद्युत्-उद्दीपन’ असे साधे नाव योजणे इष्ट होय. त्यामुळे रुग्णाच्या शरीरावर नेमके काय केले जाते, हे तरी शब्दावरून कळेल.