कोल्हापूरची दुसरी इंग्रजी

कोल्हापुरात इंग्रजी दोन दारांनी आली, आणि त्या दारांची एकमेकांशी फारशी ओळखदेख नव्हती. पहिले दार राजाराम कॉलेजचे. 1880 साली ते उघडले तेव्हा संस्थानाला कारकून, मामलेदार, वकील आणि मास्तर हवे होते, म्हणजे अर्ज, निकाल आणि अहवाल बिनचूक लिहिणारी माणसे. 1881 मध्ये मॅट्रिक झालेले गोपाळ कृष्ण गोखले काही काळ इथेच शिकले. इंग्रजी उतारेच्या उतारे मुखोद्गत करण्याचा त्यांचा नाद चरित्रकारांनी आवर्जून नोंदवला आहे. त्या पाठांतरातून घडलेल्या भाषेने पुढे कायदेमंडळात सरकारला घाम फोडला, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ती व्यासपीठाची आणि कागदाची भाषा होती. तिच्यात 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन'ला मान होता.

'पुट ऑफ', 'गिव्ह अप', 'टर्न डाउन' या जातीच्या क्रियापदांना फ्रेजल व्हर्ब हे नाव रुळले ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925 सालच्या पुस्तकानंतर. परक्या माणसाला ती जड जातात, हे मात्र सॅम्युअल जॉन्सनने 1755 सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले होते. आपल्या मुलांची अडचण सांगतानाही हेच कारण पुढे केले जाते: इंग्रजीच तऱ्हेवाईक, त्याला कोण काय करणार! मला हे पटत नाही. 'करून टाक', 'बोलून बसला', 'खाऊन घे' यांत टाकणे, बसणे, घेणे आपला मूळ अर्थ सोडूनच येतात, आणि कोल्हापुरातले चार वर्षांचे पोरही तिथे अडखळत नाही. अडचण शिकवण्याच्या रीतीत होती. नेसफिल्डच्या आणि पुढे रेन-मार्टिनच्या व्याकरणांत कोणत्या शब्दामागे कोणते अव्यय लागते याच्या याद्या असत. 'ऑफ' की 'ऑन' एवढाच प्रश्न मुलापुढे उरे. चुकले की गुण गेला. मग गुण राखू पाहणारा हुशार मुलगा धोका टाळून एकेरी, भारदस्त शब्द वापरी. परीक्षेपुरते ते शहाणपणच होते.

दुसरे दार रंगाचे आणि तेलाचे. स्वतः कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, 1929 मध्ये इथेच सुरू झालेली 'प्रभात', नंतर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ: या ठिकाणी इंग्रजी कामाबरोबर शिकली गेली. 'पॅकअप'चा अर्थ सेटवरच्या पोऱ्याला कुणी समजावून सांगत नाही. दिवे विझतात, सामान गाडीत चढू लागते, घरी जायची वेळ होते, आणि नेमका तेव्हाच तो शब्द कानावर पडतो. मेकअप, क्लोजअप, फेड आउट त्याच वाटेने आले. उसाच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता वाढलेल्या इथल्या इंजिनिअरिंग धंद्यातही 'सेटअप', 'ब्रेकडाउन' आणि 'इंजिन पिकअप घेत नाही' हे रोजचे बोलणे झाले. बिघडलेले यंत्र समोर असताना 'ब्रेकडाउन'चा अर्थ कोशात पाहायला कोण जाईल?

यावर कुणी म्हणेल, ही तर नामे झाली, क्रियापदे कुठे आहेत? आक्षेप खरा आहे. 'पॅकअप झालं' यातले क्रियापद 'झालं' हे मराठीच, आणि एवढ्या पुंजीवर इंग्रजीत पत्र लिहिता येत नाही. तरी त्या कामगाराने 'पॅक' आणि 'अप' वेगळे काढून त्यांची बेरीज केली नाही. अख्खा अर्थ प्रसंगासकट उचलला. यादी पाठ करणाऱ्याच्या हाती लागत नाही ते हेच. दुसरा आक्षेप संख्येचा: धंद्यातले शब्द डझनभर, शिकायचे शेकडो, आणि प्रत्येकासाठी वर्कशॉप कुठून आणायचे? तेही मान्य. पण पुस्तकातली मांडणी तरी बदलता येते. 'गिव्ह'खाली अप, इन, अवे, आउट असे ओळीने लावले की कामात कधी शेजारी न येणारे चार अर्थ मुलाच्या डोक्यात एकमेकांवर चढतात. यंत्र सुरू करणे, बंद करणे, खोलणे, पुन्हा जोडणे अशा कामांच्या क्रमाने तीच क्रियापदे आली, तर एकाच्या आधाराने दुसरे लक्षात राहते.

संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर मराठी शाळेतली इंग्रजी आठवीपर्यंत लांबली. 2000 पासून ती पहिलीतच सुरू झाली. वयाचा वाद एवढा रंगला की मांडणीचा प्रश्न तसाच मागे राहिला. गाइडमध्ये आजही 'गिव्ह'ची यादी 'गिव्ह'खालीच असते, आणि शाळेची पायरीही न चढलेली म्हातारी 'त्याचा फोन स्विच ऑफ लागतोय' असे बिनदिक्कत सांगते.