रजा आणि सुट्टी : दुपारच्या अर्ध्या तासाविषयी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्पे ओलांडल्यावर, कर्नाळ्याचा सुळका जवळ येऊ लागण्याच्या सुमारास शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले. १८७९चे बंड, जन्मठेप, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात झालेला मृत्यू हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असतो. या बंडखोराने आयुष्याची उमेदीची वर्षे कारकुनी करण्यात घालवली होती, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात ते नोकरीस होते. गावी आई आजारी असल्याचे कळल्यावर त्यांनी रजेचा अर्ज केला, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आई गेलेली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढच्या वर्षी आईच्या श्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. बंडाचे कारण एवढ्या एका अर्जात शोधणे भाबडेपणाचे होईल. दुष्काळ होता, रानड्यांची व्याख्याने होती, बरेच काही होते. तरीही आधुनिक कचेरीने मराठी माणसाच्या दिवसावर कसा ताबा मिळवला याची गोष्ट सांगायची तर ती या अर्जापासून सुरू करावी असे मला वाटते.

‘रजा’ हा शब्द अरबीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ संमती, अनुज्ञा. म्हणूनच निरोप घेतानाही आपण समोरच्याची ‘रजा घेतो’. ‘सुट्टी’चे नाते ‘सुटणे’ या क्रियापदाशी आहे. रजा एकट्याने मागायची असते. ती कोणीतरी द्यावी लागते, म्हणून नाकारताही येते. सुट्टी होते तेव्हा ती सर्वांचीच होते आणि तिच्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. कामाच्या दिवसात माणसाने आपल्या देहाकडे आणि मनाकडे कधी व कसे पाहावे, या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे.

या अंतराच्या अलीकडे एक फार जुनी परंपरा उभी आहे, आणि तिचेही एक ठिकाण पनवेलच आहे. १८७२मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे ‘धूतपापेश्वर’ हा औषधनिर्मितीचा उद्योग सुरू केला. आयुर्वेदाचे अध्ययन करणाऱ्या प्रत्येकाला वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील ‘दिनचर्या’ हा दुसरा अध्याय परिचित असतो. ब्राह्म मुहूर्तावर उठणे, दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान, मग हितकर आणि मित भोजन. पथ्याच्या या व्यवस्थेत शहाणपण आहे. वामकुक्षीच्या घरगुती सवयीमागेही तेच शहाणपण आहे. पण आज हा अध्याय वाचताना एक गोष्ट जाणवते. ही दिनचर्या ज्याच्यासाठी सांगितली आहे त्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे. अभ्यंग करून घ्यायला त्याला वेळ आहे, आणि अभ्यंग करणारे हातही आहेत. त्या हातांची दिनचर्या काय होती, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. पनवेलच्या उद्योगाची पहिली दशके चालू होती, त्याच काळात खाडीपलीकडच्या मुंबईत हजारो माणसांचे दिवस भोंग्याच्या स्वाधीन होत होते.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६मध्ये सुरू झाली. पुढच्या तीन दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून आलेल्या माणसांनी गिरणगाव भरत गेला. दिव्यांची सोय नसल्याने काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की मजुरीचे तासही लांबत. जेवणासाठी सगळे यंत्र थांबेलच याची खात्री नसे. शेजारच्याला आपला साचा बघायला सांगून आळीपाळीने चार घास खायचे, अशी रीत अनेक ठिकाणी होती. ज्या दिवशी गिरणी बंद असे त्या दिवशीही यंत्रे पुसायला अर्धा दिवस यावे लागे. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा लहान मुलांपुरताच होता: सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, बारापर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, त्यांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात. प्रौढांविषयी त्यात काहीच नव्हते.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. सत्यशोधक परंपरेतला हा माणूस काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ लोखंडे यांनी १८८०पासून मुंबईतून चालवले. सप्टेंबर १८८४मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाने माणूस थबकतो. आठवड्यातून रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी. निवेदनात कोठेही आळवणी नाही, आणि आरोग्यावर प्रवचनही नाही. फडक्यांचा अर्ज एका माणसाच्या एका दुःखासाठी होता. येथे साडेपाच हजार माणसे एकत्र येऊन कोणाची रजा मागत नव्हती, ती सुट्टी मागत होती. मराठीतला हा बदल मला त्या काळातल्या अनेक साहित्यिक घटनांहून मोठा वाटतो; वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही, हा भाग वेगळा.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हे लोखंडे यांनी मांडल्याचे नेहमी सांगितले जाते. साहेबाचा वार आणि जेजुरीचा वार एकच निघाला, हा योगायोग त्यांनी हुशारीने वापरला असे म्हणता येईल. मात्र माझ्या मते रविवारच्या वलयात दुपारचा अर्धा तास झाकला गेला आहे. तो १८९१च्या कायद्याने आला: दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान किमान अर्धा तास काम बंद. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि दीड तासाची विश्रांतीही त्याच कायद्यातली. कायद्यामागे केवळ करुणा नव्हती. स्वस्त हिंदी सुतामुळे धास्तावलेल्या लँकेशायरच्या मालकांचा दबावही होता. हितसंबंध कोणाचेही असोत, अर्धा तास मिळाला.

त्या अर्ध्या तासाभोवती मग एक संस्कृती उभी राहिली. डबेवाल्यांची सुरुवात महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास केली असे सांगतात. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्यांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायका होत्याच. या बायकांना स्वतःला जेवायला कधी बसता येत असे, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला संघटनेचे नाव मिळाले. गिरणीत काम करणाऱ्या आयांची स्थिती तर याहून बिकट होती. तान्ह्या मुलाला सांभाळायला कोणी नसे, म्हणून सकाळी त्याला अफूची बाळगोळी देऊन झोपवायचे आणि कामावर जायचे. १९२०च्या दशकातल्या चौकश्यांत या प्रथेची नोंद आहे. दिवसभराच्या कामात स्वतःचा तोल सांभाळण्याची ही किंमत मूल मोजत होते.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनचा अहवाल १९०८मध्ये आला. मालकपक्षाचा युक्तिवाद असा की तास मोजण्यात अर्थच नाही. हे लोक सतत काम करतातच कुठे? बिडी ओढायला बाहेर जातात, आवारात अंघोळ करतात, जेवतात, झाडाखाली पडतात. या वर्णनाला तिथे ‘रेंगाळणे’, ‘कामचुकारपणा’ अशी नावे होती. आपण तेच वर्णन उलट बाजूने वाचू शकतो. कापसाच्या तुसात आणि मुद्दाम ओलसर ठेवलेल्या हवेत पंधरा तास उभा असलेला माणूस आपला देह टिकवण्यासाठी दिवसातून मिळेल ते चोरून घेत होता. मराठीत यालाच ‘दम खाणे’ म्हणतात. (आणि तो खाल्ला तर मुकादम ‘दम देतो’. भाषेला विनोदबुद्धी असते ती अशी.) त्या कमिशनमध्ये डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांचेही तास कायद्याने बारावर आणावेत असे म्हटले. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरते ते झाले.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८चा कारखाने अधिनियम मी एकदा संपूर्ण वाचला. साहित्याच्या माणसाने तो वाचावा असे सुचवतो. सलग पाच तासांहून अधिक काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसन. १५०हून अधिक कामगार असतील तर विश्रांतीची आणि जेवणाची खोली, २५०हून अधिक असतील तर उपाहारगृह, तीसहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर. पिण्याच्या पाण्याची जागा बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लिहिलेली असावी, हेही त्यात होते. पाण्यावर आपल्या भाषेतला शब्द असावा, याची दखल घेणारा मजकूर मला आपल्या भाषाविषयक ठरावांपेक्षा अधिक नेमका वाटतो. अंमलबजावणी किती झाली हा प्रश्न उरतोच. पनवेल, तळोजे, रसायनी या पट्ट्यात ज्यांच्या घरातली माणसे कंत्राटावर गेली, त्यांना त्याचे उत्तर विचारावे. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली, आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवून. २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८च्या त्या अधिनियमाची जागा त्यांतल्या एकीने घेतली. बारा हा आकडा १९११मध्ये वरून खाली येताना भेटला होता. आता तो खालून वर जाताना भेटतो आहे.

याच काळात आमच्या व्यवसायात एक नवा शब्द आला, ‘स्व-काळजी’. ज्याने तो घडवला त्याने मराठीकडे नीट पाहिले नसावे. आपल्याकडे ‘काळजी’ म्हणजे जपणे, आणि ‘काळजी’ म्हणजेच चिंता. काळजाशी नाते सांगणारा हा शब्द दोन्ही अर्थ एकदम वाहतो, त्यामुळे ‘स्वतःची काळजी घ्या’ या सल्ल्यात ‘आता स्वतःचीही चिंता करा’ हा अर्थ आपोआप मिसळतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात अध्यापकांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा झाली, तिला मी हजर होतो. दीर्घ श्वसन, मानेचे व्यायाम, सकारात्मक विचार. वक्ते चांगले होते, व्यायामही उपयोगी होते. ते मी अजून करतो. कार्यशाळेची वेळ मात्र दुपारी एक ते दोन ठेवली होती, म्हणजे नेमका जेवणाचा तास. हजेरी सक्तीची असल्याने डबे स्टाफरूममध्ये तसेच बंद राहिले. वक्त्यांनी सावकाश, चावून जेवण्याचे महत्त्व सांगितले तेव्हा मागच्या बाकांवर थोडे हसू उमटले.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेले सहकारी तासिका तत्त्वावरचे. त्यांना पैसे शिकवलेल्या तासाचे मिळत. दोन तासांमधला वेळ हिशेबात नसे, त्यामुळे त्यांच्याकडून तो काढून घेतला असेही म्हणता येत नव्हते. दुपारनंतर त्यांना दुसऱ्या महाविद्यालयात एम.ए.चा तास होता. कार्यशाळेच्या अभिप्रायपत्रात त्यांनी ‘उत्तम’ या चौकटीत खूण केली, डबा पिशवीत टाकला आणि पनवेल स्थानकाकडे निघाले. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाले, मानसरोवर येईपर्यंत भाजी-पोळी संपली, ताक तेवढे राहिले.