जर्मन सॅक्सोफोन, जुने : संशोधन व सूचीकरण
आडोल्फ सॅक्स या बेल्जियन वाद्यकाराने १८४६ मध्ये पॅरिस येथे ज्याचे पेटंट घेतले, त्या सुषिरवाद्याच्या जर्मनभाषी कारागिरांनी घडविलेल्या जुन्या नमुन्यांचा शोध, निर्मातानिश्चिती व कालनिर्णय. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन आणि सरहद्दीपलीकडे बोहीमियात वसलेले ग्रास्लिट्स (आजचे क्रास्लित्से) ही या कारागिरीची प्रमुख ठाणी होत. ग्रास्लिट्स येथे १९२५ मध्ये कारखाना काढणाऱ्या युलियुस कायलवर्थने, दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील जर्मनांची हकालपट्टी झाली तेव्हा, पश्चिम जर्मनीतील नाउहाइम येथे नव्याने बस्तान बसविले. मागे राहिलेले कारखाने सरकारजमा होऊन ‘आमाटी’ या नावाखाली चालू राहिले. एकच हस्तकौशल्य असे दोन राष्ट्रांत विभागले गेल्यामुळे केवळ देशावरून केलेले वर्गीकरण फसवे ठरते.

त्याहून बिकट प्रश्न नाममुद्रेचा. व्यापाऱ्यांच्या मागणीवरून कारखानदार त्यांच्याच नावाची मोहोर उठवीत; सबब कर्ण्यावर कोरलेले नाव हा निर्मात्याचा पुरावा मानता येत नाही, आणि अभ्यासकाला कळांचे आधार, नक्षीची धाटणी, नळीवरील अनुक्रमांक यांची बारकाईने शहानिशा करावी लागते. स्वरछिद्राच्या कडेवरून बोट फिरविले असता ती धारदार न लागता बाहेर वळलेली, गोलसर लागली, तर कायलवर्थचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेतील कॉन कंपनीनेही तशाच कडा घडविल्या असल्याने ही एकच खूण निर्णायक नव्हे. यास्तव कोरलेले नाव, अनुक्रमांक व अनुमानित निर्माता यांचे रकाने सूचीत स्वतंत्र ठेवणे हेच शास्त्रशुद्ध होय.